पहिल्या वेळी सगळेच रखडतात

झेलिंगरांच्या घरातला जो कोणी सेंट कोलोमानच्या ऑर्गनवर पहिल्यांदा बसला, तो रखडलाच. काजेटान आजोबा स्वतः तरुणपणी इतके रखडले होते, की त्यांच्या वडिलांनी खालून ओरडून विचारलं होतं, ‘अरे, मी जेवून येऊ का?’ ही गोष्ट घरात दरवर्षी सांगितली जायची आणि सगळ्यांत मोठ्याने आजोबाच हसायचे.

त्याला कारणही तसंच होतं. वादक बसायचा मागच्या दारावरच्या सज्जात, वेदीकडे पाठ करून. अर्धे पाइप त्याच्या डोक्यावर आणि उरलेले पार दुसऱ्या टोकाला, वेदीच्या मागे. इथे पट्टी दाबली की तिथला सूर अख्खं चर्च ओलांडून कानाशी यायला वेळ घ्यायचा. नवखा माणूस त्या सुरासाठी थांबतो. थांबला की लय मागे पडते, सूर त्याहून मागे पडतो, आणि बघता बघता दोघांचीही फरफट होते. कानाचं ऐकू नकोस, बोटांचं ऐक, हे शहाणपण घरचे मुद्दाम आधी सांगत नसत. आधी रखडायचं, खालच्यांनी एका सुरात ‘रखडला’ म्हणून ओरडायचं, हसायचं, आणि मग शिकवायचं, असा रिवाज होता.

आफ्रा रखडली नाही.

गेरलिंडे मधल्या बाकांपाशी उभी राहून लेकीचं वाजवणं ऐकत होती. संतांच्या सणाचा दिवस, ऑक्टोबरचं धुकं दारापर्यंत आलेलं, दार आतून बंद. या वादनाला घरच्यांशिवाय कोणी नसायचं. खापरपणजोबांनी रचलेली ती जुनी रचना, तिच्यात सज्जातला ऑर्गन प्रश्न विचारतो आणि वेदीमागचा उत्तर देतो. प्रश्न गेला. उत्तर आलं. पुढचा प्रश्न अगदी वेळेवर निघाला, जणू मधलं एवढं मोठं चर्च नव्हतंच.

“ही काय घड्याळ गिळून आली की काय?” शेजारी उभा असलेला तिचा भाऊ लेओन्हार्ड पुटपुटला. शाळेत पोरांना संगीत शिकवून त्याचं आयुष्य चाललं होतं आणि हा ऑर्गनचा बाक आपल्याला मिळाला नाही हे शल्य तो विनोदात गुंडाळून बाळगायचा. आज त्याला विनोदही धड सुचत नव्हता. “लिंडे, तू हिला आधीच सांगून ठेवलं होतंस का?”

“मी काय सांगणार? मला कुठे बसवलंय कधी त्या बाकावर?”

“मग ही रखडत कशी नाही?”

वेदीपाशी गेरलिंडेचे वडील, आफ्राचे काजेटान आजोबा, रुमालाने डोळे पुसत होते. शेवटचा सूर विरला तसे ते टाळ्या वाजवत बाकांमधून पुढे आले. त्यांच्या चालण्यात वय दिसत नव्हतं.

“बघितलंत?” ते म्हणाले. “ओटीनंतर ही दुसरी. माझ्या हयातीत फक्त दोघी. ओटीनेसुद्धा त्या दिवशी अस्संच वाजवलं होतं, एक मात्रा इकडची तिकडे नाही.”

गेरलिंडेने खांबाकडे पाहिलं. तिची थोरली बहीण ओटिलिये तिथे उभी होती, बाकाच्या लाकडावर हाताचा तळवा टेकवून. ओटी असंच ऐकायची, हाताने. तिला दुसरं काही ऐकू येत नसे.

*

ओटी प्रवासाहून परतली तेव्हा गेरलिंडे शाळकरी होती. घरातल्या ऑर्गन शिकणाऱ्या प्रत्येकाला विशीत एक वर्ष अभ्यासासाठी बाहेर पाठवत. प्राग, ड्रेस्डेन, ल्यूबेक, हार्लेम, गेंट, पॅरिस, आणि शेवटी व्हेनिसवरून घरी. प्रत्येक गावात सकाळ चित्रांची, दुपार ऑर्गनची. जुन्या डच चित्रात खिडकीतून उजेड कसा हळूहळू आत येतो हे ज्याने पाहिलं नाही, त्याला संथ सुरांची जोडणी कळायची नाही, असं आजोबांचं ठाम मत होतं. लेओन्हार्डचं वर्ष प्रागलाच संपलं, कारण लढाई आली. ‘माझा अभ्यासदौरा म्हणजे एक शहर आणि एक रायफल,’ असं तो अजून म्हणायचा. गेरलिंडेला कोणी पाठवलंच नाही.

ओटी मात्र सगळी शहरं करून आली आणि न रखडता वाजवून तिने घरच्यांना थक्क केलं. आजोबांनी ते खाटकापासून बिशपपर्यंत सगळ्यांना सांगितलं. पुढच्या ईस्टरला भरल्या चर्चमध्ये गायकवृंद गायचा थांबला आणि ओटी वाजवतच राहिली. माणसं माना वळवून वर बघायला लागली, कुणीतरी हसलं, आणि तरी ती वाजवत होती. थंडीत कान गेला, असं घरात ठरलं. ओटी चित्रांच्या चौकटींना सोन्याचा वर्ख लावायला शिकली, आजोबा पुन्हा बाकावर बसले, आणि न रखडण्याची ती गोष्ट अभिमानाची म्हणून घरात टिकून राहिली. त्या दोन गोष्टी कोणी कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

गेरलिंडेने त्या आज ठेवल्या, आणि तिचे पाय गार पडले.

कारण परवा आफ्रा असाच वर्षभराचा दौरा करून परतली, तेव्हाचं स्टेशन तिला आठवलं. इंजिनाच्या घरघरीत आफ्राला तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. घरी आल्यावर, शांत स्वयंपाकघरात, तीच पोरगी प्रत्येक वाक्याला ‘काय?’ म्हणायला लागली. शिवाय तिचा आवाज. पूर्वी अंगणातून हाक मारली तर नदीपलीकडे पोचायची, आता ती कुजबुजल्यासारखी बोलत होती. ओटीचंही सुरुवातीला असंच होतं. पिठाच्या गिरणीत तिला सगळं समजायचं आणि घरात काही नाही. प्रवासाचा शीण असेल, अशी गेरलिंडेने परवा स्वतःची समजूत घातली होती. आज ती समजूत पटेना.

*

जेवायला ती लेकीच्या शेजारी बसली, अगदी खेटून. सूप वाढलं गेलं, त्यात कलेजीचे गोळे, मागून डुकराचं भाजलेलं मटण यायचं होतं. आजोबांनी बिअरचा पेला उचलला आणि येत्या रविवारचं बोलायला लागले. रविवारी बिशप येणार, मोठा गायकवृंद गाणार, आणि बाकावर आफ्रा.

गायकवृंद वेदीपाशी उभा राहतो, हे गेरलिंडेच्या मनात आलं. पार दुसऱ्या टोकाला. तिने चमचा खाली ठेवला.

“हार्लेमचा ऑर्गन कसा होता गं?” आजोबांनी समोरून विचारलं.

“मोठा, आजोबा. सोनेरी आणि लाल. वर दोन सिंह आहेत.”

“दिसायला कसा ते नाही विचारलं, बाळ. वाजायला कसा?”

“छान,” आफ्रा म्हणाली. “पण गेंटमधलं चित्र बघायला हवं होतं तुम्ही. जुनं आहे, वेदीवरचं. त्यात देवदूत गातायत. मी दोन आठवडे रोज सकाळी तिथेच होते. प्रत्येकाचं तोंड वेगळं उघडलंय. कोण वरच्या पट्टीत गातंय, कोण खर्जात, नुसत्या तोंडावरून कळतं.”

“हेच मी म्हणतो,” आजोबा खूश झाले. “असं बघायला शिकलं पाहिजे.”

गेरलिंडेने टेबलाखाली हात घट्ट आवळले. दोन आठवडे ही पोरगी तोंडं बघत उभी होती, आणि कशासाठी, ते या टेबलावर तिच्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नव्हतं.

लेओन्हार्ड बिअर ओतायला उठला आणि आफ्राच्या मागे आला. “आणि ल्यूबेकला काय काय वाजवलंस, महाराणी?” त्याने तिच्या डोक्यामागून विचारलं.

आफ्रा सूप पीत राहिली.

“मामा विचारतोय,” गेरलिंडे घाईघाईने तिच्या कोपराला हात लावून म्हणाली. “दमलीय रे ती. रात्रभराचा प्रवास झालाय, झोप भरून यायला वेळ लागतो.”

“परवा आलीय ती,” लेओन्हार्ड म्हणाला. तो अजून मागेच उभा होता. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण तिथून हललाही नाही. बहिणीकडे त्याने असं पाहिलं, की गेरलिंडेला वाटलं, हा आता बोलणार. तिने त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली. नको. आत्ता नको. त्याने पेला टेबलावर ठेवला आणि गुपचूप आपल्या जागेवर जाऊन बसला. लहानपणी वडिलांचा मार चुकवायला दोघं एकमेकांना असेच सांभाळून घ्यायचे, त्यानंतर आज पहिल्यांदा.

पण सांभाळून काय होणार होतं? गप्प राहिलं तर रविवारी सगळ्या गावासमोर ओटीचं झालं तेच पोरीचं होणार. बोललं तर आत्ता, या टेबलावर, आजोबांच्या डोळ्यांतलं ते पाणी अजून सुकलेलं नसताना पोरीचा बाक जाणार. ती आई होती, आणि तरी तिला काय करावं सुचत नव्हतं. तिला फक्त भीती वाटत होती.

आजोबांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि सज्जाची किल्ली बाहेर काढली. जुनी, लांब दांड्याची. नव्या वादकाला ती देताना ते चार शब्द बोलायचे, आणि ते बोलायला उभे राहत होते.

तेवढ्यात ओटीने समोरून आफ्राकडे पाहिलं. तिने नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही, घशातून वारासुद्धा नाही. ‘मीठ दे गं जरा.’

आफ्राने मिठाची वाटी उचलून मावशीपुढे सरकवली.

ते आजोबांनी पाहिलं, लेओन्हार्डने पाहिलं. काटेचमचे वाजायचे थांबले. ओटीने मीठ घेतलं नाही. ती भाचीकडे बघत होती, तिचा चेहरा पडला होता. आफ्राने मावशीकडे, मग मिठाकडे, मग एकेकाकडे पाहिलं. काय झालं ते तिला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तिने दोन्ही हात मांडीवर घेतले, चोरी पकडल्यासारखे.

“ओटी बोललीच नव्हती,” लेओन्हार्ड हळू म्हणाला.

“कधीपासून?” गेरलिंडेने विचारलं. तोंड लेकीकडे करून, शब्द नीट उच्चारत. हे करताना तिला रडू फुटलं.

“ल्यूबेकपासून. आधी खर्ज गेला. मला वाटलं, थंडी आहे. पायांनी खर्जाच्या पट्ट्या दाबते तर जमीन हादरते, पण सूर नाही. मग हार्लेममध्ये मधले गेले. तिथल्या ऑर्गन शिकवणाऱ्या बुवांना वाटलं मी फार हुशार आहे, कारण मी थांबत नव्हते.” ती अजून कुजबुजतच होती. “मी तुम्हाला सांगणार होते, आई. प्रत्येक गावातून वाटायचं, पुढच्या गावात बरं होईल. मला फार भीती वाटते.”

आजोबा अजून उभेच होते, हातात किल्ली. त्यांनी ओटीकडे मान वळवली, फार हळू. मुलीशी बोलताना ते नेहमी आठवणीने चेहरा समोर आणून बोलत, आज त्याची आठवणही त्यांना करावी लागली नाही.

“त्या दिवशी तूसुद्धा?”

“हो, बाबा.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही टाळ्या वाजवत होता,” ओटी आपल्या त्या सपाट आवाजात म्हणाली. “मला सज्जातल्या आरशातून दिसत होतं. तुम्हाला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.”

आजोबा खाली बसले. खुर्चीचा अंदाज चुकला तसा लेओन्हार्डने त्यांना दंडाला धरलं. ती गोष्ट ते आयुष्यभर सांगत आले होते, बाजारात, लग्नांत, आज सकाळीसुद्धा. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

“रविवारी मी वाजवतो,” लेओन्हार्ड म्हणाला. “बिशपला काय, कोणीही वाजवलं तरी झोपच लागते.” कोणी हसलं नाही. ज्या बाकासाठी तो एवढी वर्षं मनात कुढत होता, तो असा हाती आल्यावर त्याच्या तोंडाची चवच गेली होती. त्याने किल्लीला हातही लावला नाही.

“म्युनिकला एक डॉक्टर आहेत,” गेरलिंडे म्हणाली. “कानातलं एक हाड गोठतं, ते काढून तिथे तार बसवतात. पेपरात आलं होतं. उद्याच्याच गाडीने जाऊ.”

“मलाही कळलं होतं,” ओटी म्हणाली. “मी विचारून आले गुपचूप. माझ्यासाठी उशीर झालाय, म्हणाले. हिला नसेल झाला.”

“आणि नाही जमलं तर?” आफ्राने विचारलं. ती आळीपाळीने सगळ्यांच्या ओठांकडे बघत होती. “जे थोडं उरलंय तेही गेलं तर?”

जातं कधीकधी, हे ओटीला माहीत होतं, आणि ती खिडकीकडे बघायला लागली. स्वयंपाकघरात मटण करपायला आलं होतं, त्याचा वास सुटला, पण उठायचं भान कोणाला राहिलं नाही.

“आजोबा,” आफ्रा म्हणाली, “सकाळी मी वाजवलं तेव्हा ते वाजलं का?”

“काय, बाळ?”

“उत्तर. वेदीमागचे पाइप. मी पट्ट्या दाबल्या, पण ते खरंच वाजले की नाही, मला माहीत नाही.”

आजोबांनी हातरुमाल काढला. तो डोळ्यांना लावायचा सोडून त्यांनी त्याची घडी मोडली, तो झटकला, आणि ते उठले.

“चल,” ते म्हणाले. “किल्ली घे.”

*

चर्चमध्ये दुपारी सकाळपेक्षा जास्त धुकं शिरलं होतं. या वेळी गेरलिंडे सज्जात चढली. आजपर्यंत तिने तो बाक एवढ्या जवळून पाहिला नव्हता. लाकूड बसून बसून मधे खोलगट झालं होतं. पट्ट्यांच्या वर तो छोटा आरसा होता, वेदीकडे काय चाललंय ते वादकाला दिसावं म्हणून लावलेला. ओटी दुसऱ्या बाजूला उभी राहिली, लेओन्हार्ड खाली बाकांमधे.

आजोबा एकटेच वेदीपर्यंत चालत गेले. आरशात ते अगदी एवढेसे दिसत होते. त्यांनी हात वर करून पांढरा रुमाल दाखवला आणि खाली घेतला. आफ्राने मान हलवली. वेगळं काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

तिने प्रश्न वाजवला, मग उत्तराच्या पट्ट्या दाबल्या. गेरलिंडेला ते ऐकू आलं, लांबून, जरा उशिरा. त्याच क्षणी आरशात रुमाल वर गेला. म्हातारा माणूस, सूर कानी पडून हात उचलेपर्यंत आणखी थोडा उशीर व्हायचा. आफ्राची नजर आरशावरून हलत नव्हती. तिने दुसरा प्रश्न वाजवला आणि थांबली. रुमाल वर गेला, मगच ती पुढे सरकली. तिसऱ्याला आणखी थांबली. खापरपणजोबांची ती टुमदार रचना पाय ओढत चालायला लागली, मधेमधे मोडून पडायला लागली. तरी ती रुमाल दिसल्याशिवाय पुढे जाईना, आणि रुमाल दिसला की दर वेळी तिच्या खांद्यातून काहीतरी सैल होत होतं. वाजतंय. ते वाजतंय.

इतकं वाईट या चर्चमध्ये कोणीच वाजवलं नव्हतं, आजोबांनीसुद्धा नाही.

गेरलिंडेने बाकाची कड घट्ट धरली. उद्याची गाडी, म्युनिक, पांढरे कपडे घातलेली माणसं, कानात जाणारं ते बारीक हत्यार, सगळं तिच्या डोळ्यांपुढून जात होतं. हे थांबू नये, असं तिला वाटलं. रखडत राहावं, संपूच नये.

पण ते संपलं. शेवटचं उत्तर अख्खं चर्च ओलांडून आलं आणि विरलं. आरशात रुमाल हळूच खाली गेला.

मग लेओन्हार्डने रिवाज पाळला. त्याने मान वर केली आणि छातीत होती नव्हती ती सगळी हवा घेऊन ओरडला, “रखडली!” त्याचा आवाज मधेच फाटला. तो शब्द खांबांवर आपटत, घुमत वेदीपर्यंत गेला आणि परत आला.

आफ्राने मान वळवली नाही. ती आरशातच बघत होती, रुमाल पुन्हा वर जातो का ते.

गेरलिंडेने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिचा चेहरा आपल्याकडे वळवला, आणि सावकाश, ओठ स्पष्ट हलवत तिला सांगितलं, “रखडलीस गं, बाळ.”